चारशे तेरावी नोंद

उडत्या तबकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. हे आधीच सांगून टाकते. ओसाकातल्या एका संस्थेत बावीस वर्षं मी आकाशातला कचरा मोजते आहे. खराखुरा कचरा. बंद पडलेले उपग्रह, रॉकेटची रिकामी नळकांडी, कुणा अंतराळवीराच्या हातून सुटलेले नट-बोल्टचे पाने. कुठला तुकडा कुठल्या दिवशी कुठे होता आणि उद्या कुठे असेल, हे गणित करून काढायचं. हे काम कुणाला सांगितलं की समोरचा आधी ‘अरे वा’ म्हणतो आणि मग भुवया उंचावून, आवाज बारीक करून विचारतो, “मग तुम्हाला कधी... ते दिसलं का हो?” नाही दिसलं. बावीस वर्षांत एकदाही नाही. पगार घेऊन आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या बाईला जे दिसत नाही, ते गच्चीवर बिअर पीत बसलेल्या माणसाला बरोबर कसं दिसतं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आपली माणसं तर याहून वरचढ. गेल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळात एका गृहस्थांनी प्राचीन विमानविद्येवर पाऊण तास भाषण ठोकलं. पाऱ्यावर चालणारी विमानं, मनाच्या वेगाने जाणारी विमानं, सगळं म्हणे आपल्याकडे होतं. मी उठून विचारलं, “मग तुम्ही जपानला परक्यांच्या विमानाने कसे आलात?” माझ्या नवऱ्याने, देवदत्तने, हाताला धरून मला खाली बसवलं. घरी येताना ट्रेनमध्ये म्हणाला, “जयंती, पुढच्या वर्षी तुला आरतीलासुद्धा बोलावणार नाहीत.” नाही बोलावलं तर नाही बोलावलं.

आणि माझं नशीब बघा! या देशात ज्या एका माणसाला मी आपलं म्हणते, तो नेमका तबकडीवाला.

मोरेश्वरकाका माझ्या वडिलांचे साताऱ्याचे शाळासोबती. १९६४ साली एका कापडाच्या व्यापारी कंपनीत कारकून म्हणून बोटीने कोबेला आले आणि इथलेच झाले. लग्न केलं नाही. मी शिकायला इथे आले तेव्हा स्टेशनवर एक किडकिडीत गृहस्थ हातात डबा घेऊन उभे होते. डब्यात वरणभात, वर तूप, आणि वेगळ्या पुडीत लिंबाची फोड. मी तिथेच बाकावर बसून जेवले आणि जेवता जेवता रडले. तेव्हापासून काकांचं घर म्हणजे माझं इथलं माहेर. म्हणून त्यांच्या तबकडीला मी पंचवीस वर्षं तोंडावर हसले, पण त्यांच्याकडे जाणं काही सोडलं नाही.

तबकडीची हकीगत अशी. १९६५च्या मार्चमध्ये काका रोक्को डोंगराच्या उतारावर एका भाड्याच्या खोलीत राहत होते. एकदा अंधारात जाग आली म्हणून बाहेरच्या लाकडी गॅलरीत उभे राहिले, तर आकाशात एक ठसठशीत, अजिबात न लुकलुकणारा उजेड. नैर्ऋत्येकडून आला, जवळजवळ डोक्यावरून गेला, ईशान्येला दिसेनासा झाला. आवाज नाही, काही नाही. काकांनी आत जाऊन डायरीत चार ओळी लिहिल्या आणि ऑफिसात बोलून गेले. ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंचा चुलतभाऊ ‘कोबे आकाश-अभ्यास मंडळा’चा सभासद निघाला. त्याच संध्याकाळी मंडळाचा तरुण चिटणीस, हासेगावा त्याचं नाव, अडतीस प्रश्नांचा छापील फॉर्म घेऊन काकांच्या दारात हजर.

तो काळच येडचाप. रशिया आणि अमेरिका चढाओढीने आकाशात काय काय सोडत होते, आणि खाली ज्याला त्याला काहीतरी दिसत होतं. मंडळाचे तेव्हा तीनशे सभासद होते म्हणे. त्यातले बरेचसे रविवारी डोंगरावर जाऊन हातात हात धरून गोल उभे राहायचे आणि मनातल्या मनात शुक्राला हाका मारायचे. एकाने लोखंडी सुई आणि घंटा डब्यात बसवून ‘तबकडी जवळ आली की वाजते’ असं यंत्र केलं होतं. ते शेजारून ट्राम गेली तरी वाजायचं. एका बाईंना शुक्रावरून पत्रं येत, तीही शुद्ध जपानीत. अशा या गोतावळ्याला भारतीय साक्षीदार मिळाला, मग काय विचारता! काकांना व्यासपीठावर बसवून पुष्पक विमानाबद्दल प्रश्न विचारत.

“तुम्ही काय सांगायचात?” मी एकदा विचारलं होतं.

“काय सांगणार? पहिल्या वर्षी मला जपानी कुठे येत होतं? जो जे विचारेल त्याला मी ‘हाय’ म्हणायचो.”

‘हाय’ म्हणजे हो. एवढ्या एका शब्दावर काका मंडळाचे मानकरी झाले.

साठ वर्षांत तीनशेचे चार उरले. शहाऐंशीचे हासेगावा-सान, म्हणजे आपल्याकडचे हासेगावाराव, चौऱ्याऐंशीचे काका, घंटेचं यंत्र करणारे आजोबा आणि आणखी एक जण, जे बैठकीत बहुतेक वेळ झोपलेले असतात. या मार्चअखेर मंडळ बंद करायचं आणि सगळे कागद वॉर्डाच्या वाचनालयातल्या स्थानिक इतिहासाच्या खोलीला द्यायचे, असं त्यांनी ठरवलं. त्याआधी हासेगावा-सानचं मला पत्र आलं. हाताने लिहिलेलं, तीन पानी, पहिलं पानभर नुसतं हवामान. विनंती एकच होती. नोंद क्रमांक चारशे तेरा, म्हणजे काकांची नोंद, कक्षांचं गणित येणाऱ्या माणसाने शेवटची एकदा तपासून द्यावी.

“घ्या!” मी देवदत्तला म्हटलं. “एवढंच राहिलं होतं. उद्या मला लोकांचे हात बघायला बसवतील.”

“काकांसाठी करशील ना?”

“काकांसाठी मेतकूट करीन. हे कशाला?”

पण गेले. हासेगावा-सान जन्मभर एका जहाज विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासत होते. त्यांच्या घरात एका भिंतीला लोखंडी कपाटं आणि कपाटांत चारशे तेरा फाइली. म्हटलं, आता सोसा. पहिली फाइल उघडली. शेवटच्या पानावर लाल शिक्का, ‘उकल झाली’, आणि खाली लिहिलेलं, ‘शुक्र’. दुसरी, ‘शुक्र’. तिसरी, ‘कोळ्यांच्या होड्यांचे दिवे, ढगावर पडलेला उजेड’. मग ‘जाहिरातीचा फुगा’. मग ‘पतंगाला बांधलेला कंदील, मुलाने कबूल केले’. एका फाइलीत ‘साक्षीदाराच्या चष्म्यावरचा ओरखडा’ आणि सोबत चष्मेवाल्याची चिठ्ठी. मी थक्क झाले. शुक्राला हाका मारणारे केव्हाच गळून गेले होते. हा माणूस मात्र चारशे बारा वेळा ‘तबकडी नाही’ असं लिहून, शिक्का मारून, पुढच्या फाइलीकडे वळला होता.

फक्त एका फाइलीवर शिक्का नव्हता. उकल होईल तसा क्रमांक पडत गेला, म्हणून काकांची पासष्टची नोंद सर्वांत शेवटी उरली होती.

“सेन्सेई, मला तबकडी हवी आहे असं समजू नका,” हासेगावा-सान म्हणाले. सेन्सेई म्हणजे गुरुजी; मला ते तसंच म्हणत. “मला उत्तर हवं आहे. तबकडी असेल तर तबकडी.”

मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. इतकं नेटकं डोकं, आणि घालवलं कशात? एका कारकुनाने गॅलरीतून बघितलेल्या उजेडात!

फॉर्मवर वेळ लिहिली होती, रात्री एक वाजून वीस मिनिटं. मी घरी येऊन गणित मांडलं. रात्री एक वाजता सूर्य पृथ्वीच्या पार पलीकडे असतो. त्या काळी वर फिरणारे उपग्रह त्या वेळी कोबेवरून गेले तरी सावलीत असणार, दिसणार नाहीत. विमानांच्या नोंदी हासेगावा-साननी तेव्हाच विमानतळावर जाऊन सगळ्या धुंडाळल्या होत्या. काही नाही. म्हणजे मला लिहून द्यावं लागणार होतं की ‘या वेळी कुठलाही ज्ञात उपग्रह दिसणं शक्य नाही’. माझी सही, संस्थेचं नाव, आणि त्याच्या जोरावर तबकडी इतिहासाच्या खोलीत! उद्या विमानविद्येवाले गृहस्थ तेच पत्र पडद्यावर दाखवतील. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

एकच वाट उरली होती. काकांची मूळ डायरी. ती मराठीत, त्यामुळे हासेगावा-साननी स्वतः कधी वाचलेली नव्हती. काकांनी त्या दिवशी इंग्रजीत आकडे सांगितले आणि त्यांनी लिहून घेतले.

बुधवारी दुपारी सुट्टी काढून मी कोबेला गेले. काकांनी चहा केला. त्यांचा चहा म्हणजे पाक असतो, मी नेहमी अर्धा ठेवते. डायरी मागितल्यावर म्हणाले, “कुठे ठेवली असेल, बघावं लागेल.” मग म्हणाले, “वाळवीने खाल्ली असेल.” मग गुपचूप उठले आणि कपाटातून काढून आणली. जागा बरोबर माहीत होती त्यांना.

मी मोठ्याने वाचलं. “‘एक वीस. दूधवाला बाटल्या ठेवून गेला. गॅलरीत थंडी फार. आकाशात मोठा उजेड, चालता, न लुकलुकणारा. आईला पत्र टाकायचे आहे.’” मी थांबले. “काका, तुमचा दूधवाला रात्री एक वाजता यायचा?”

काका खिडकीबाहेर बघायला लागले.

मीही नजर उचलली. समोर स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ. माझ्या मनगटावर तीन वाजले होते, भिंतीवर साडेअकरा. पंचवीस वर्षं मी ते घड्याळ बघत आले आहे. काकांच्या घरात घड्याळ भारताच्या वेळेवर असतं. आई आत्ता उठली असेल, आई आत्ता देवाला बसली असेल, असं बघायला त्यांनी सुरुवातीपासून ठेवलेलं. आई त्र्याऐंशी साली गेली, घड्याळ तसंच राहिलं. आम्ही सगळे त्यांना त्यावरून चिडवतो. आणि १९६५ साली त्यांच्याकडे भिंतीवरचं घड्याळ नव्हतं, मनगटावरचं एकच होतं, म्हणजे तेच भारताच्या वेळेवर. एक वीसमध्ये साडेतीन तास मिळवले की चार पन्नास. दूधवाल्याची वेळ.

“काका!”

“ओरडू नकोस. शेजारच्या आजी दुपारच्या झोपतात.”

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“तेव्हा नव्हतं. त्याने विचारलं किती वाजता, मी डायरीतलं वाचलं. एरवी साडेतीन मिळवायचो गं, त्या दिवशी गडबडीत राहिलं. त्याने विचारलं, रात्री का? मी म्हटलं, हाय.”

“मग कळलं कधी?”

“एकाहत्तरमध्ये त्याने पुस्तिका छापली. एक पान इंग्रजीत होतं. त्यात वाचलं, मध्यरात्रीनंतर एक वाजून वीस मिनिटं. ते पान तीनदा वाचलं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

काकांनी डायरी माझ्या हातातून काढून घेतली आणि मिटली. “सांगणारच होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वाजता तो यायचा, अजून येतो, तुला माहीतच आहे. फाइल उघडायचा, नवीन काहीतरी शोधून आणलेलं असायचं, आम्ही चहा घ्यायचो. ऑफिस सोडलं तर माझ्या घरी येणारा तो एकटाच माणूस होता, जयंती. आणि त्याची पद्धत मला माहीत होती. शिक्का मारला की तो त्या साक्षीदाराकडे पुन्हा जात नाही. चारशे बारा जणांकडे नाही गेला. ही केस सुटली असती तर तो माझ्याकडे कशाला आला असता?”

मी जे बोलले ते मला आज लिहवत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, “म्हणजे एका माणसाचं अख्खं आयुष्य तुम्ही चहाला सोबत म्हणून वापरलंत.”

“हो,” काका म्हणाले.

मी तिथेच लॅपटॉप उघडला, चार पन्नास घातले आणि पाच मिनिटांत उत्तर आलं. त्या काळी अमेरिकेने एक भलामोठा चकचकीत फुगा उपग्रह म्हणून सोडला होता. पहाटे सूर्य उगवण्याआधी उंचावर त्याला ऊन लागत होतं, खाली कोबे अंधारात होतं. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, डोक्यावरून, मिनिटाचाही फरक नाही. इतकी चपखल जुळणी मला बावीस वर्षांच्या नोकरीत मिळालेली नाही. खोटं कशाला सांगू, समोर काका तोंड पाडून बसले होते आणि मला आनंद झाला होता.

“शनिवारी शेवटची बैठक आहे,” काका म्हणाले. “मी स्वतः सांगतो. तुझ्या तोंडून नको.”

“आणि हासेगावा-सान उठून गेले तर?”

“गेला तर गेला. पण माझ्या तोंडून ऐकून जाऊ दे.”

शनिवारी दुपारी दोन वाजता वॉर्डाच्या सभागृहातली सर्वांत लहान खोली. टेबलावर कागदी पेल्यांत चहा, मधोमध ते घंटेचं यंत्र, एका बाजूला वाचनालयाची तरुण कर्मचारी पांढरे हातमोजे घालून. कशासाठी हातमोजे? शुक्रावरची पत्रं हाताळायला! काका कोट घालून आले होते. उभे राहिले आणि बोलायला लागले. चौसष्ट सालचं बंदर, बोटीवर झालेली उलटी, पहिला हिवाळा, टायपिस्ट बाई. वीस मिनिटं झाली. मी वाट बघत होते. दूधवाला आला, गॅलरी आली, उजेड आला, आणि काका “आपण सर्वांनी मला फार सांभाळून घेतलंत” म्हणून खाली बसले.

हासेगावा-सान माझ्याकडे वळले. “सेन्सेई, आपला निष्कर्ष?”

मी काकांकडे बघितलं. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. मला म्हणता आलं असतं की गणित अजून पुरं झालेलं नाही, आठवडा द्या. आठवड्यात काकांनी धीर गोळा केला असता. पण माझा पारा चढला होता. या खोलीचा, या यंत्राचा, त्या हातमोज्यांचा, सगळ्याचाच. मी उठले आणि सांगून टाकलं. भारताची वेळ, साडेतीन तास, दूधवाला, फुगा. पडद्यावर आकृतीसुद्धा दाखवली, कोबेवरून जाणारी लाल रेघ. काकांना एकाहत्तरपासून माहीत होतं, एवढं मात्र मी गाळलं. तेवढी माणुसकी होती माझ्यात, किंवा तेवढीच होती.

घंटेवाले आजोबा “ओओ” म्हणाले. झोपलेले आजोबा जागे झाले. हासेगावा-सान लाल रेघेकडे खूप वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क समाधान दिसलं. त्यांनी डबीतून शिक्का काढला. मग थांबले.

“मोरू-सान,” त्यांनी काकांना विचारलं, “हे तुम्हाला कधी कळलं?”

‘या बुधवारी’ म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं? मी तर बोलले नसते. पण काका उभे राहिले आणि म्हणाले, “एकोणीसशे एकाहत्तर.”

हासेगावा-साननी शिक्का परत डबीत ठेवला. “साक्षीदाराची चूक झाली तर त्याला फॉर्ममध्ये रकाना आहे,” ते म्हणाले. “याला रकाना नाही.” चारशे बारा फाइलींच्या यादीवर त्यांनी वाचनालयाच्या मुलीची सही घेतली, चारशे तेरावी फाइल कापडात गुंडाळून काखेत धरली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, मला जरा जास्तच वाकून केला, आणि निघून गेले. काकांकडे त्यांनी बघितलंही नाही.

काका मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. फाटकापाशी काका म्हणाले, “तुझी आकृती छान होती गं.” त्यांना टोमणा मारता येत नाही, तेच वाईट. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. देवदत्त म्हणाला, “जे खरं तेच सांगितलंस ना?” मी म्हटलं, “हो ना, मग मला असं चोरासारखं का वाटतंय?”

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी डबा घेऊन कोबेला गेले. वरणभात, तूप, लिंबाची फोड. दोनला दहा कमी होते. काकांनी टेबलावर दोन पेले मांडून ठेवले होते, पातेल्यात चहा उकळत होता.

“काका, ते नाही येणार.”

“माहीत आहे. हात आपोआप करतात, काय करू?”

मी डबा उघडला, बंद केला. काकांनी गॅस बारीक केला, मग बंद केला, मग पुन्हा लावला. बरोबर दोन वाजता दारावरची घंटा वाजली.

हासेगावा-सान दारात उभे होते, काखेत कापडात गुंडाळलेली फाइल. आत आले, बूट काढले, नेहमीच्या खुर्चीवर बसले. काकांना ते मोरू-सान म्हणाले नाहीत.

“साक्षीदाराचा जुना जबाब रद्द झाला आहे,” ते म्हणाले. “जबाबाशिवाय फाइल पुरी होत नाही. म्हणून मी ती वाचनालयात दिलेली नाही. नवीन जबाब घ्यावा लागेल.” त्यांनी अडतीस प्रश्नांचा कोरा फॉर्म काढला, पिवळा पडलेला, साठ वर्षांपूर्वीच्या छपाईतला. “प्रश्न पहिला. साक्षीदाराचं नाव.”

“तुम्हाला माझं नाव...”

“नाव.”

काकांनी पूर्ण नाव सांगितलं. हासेगावा-साननी एकेक अक्षर जपून लिहिलं. दुसरा प्रश्न, जन्मतारीख आणि जन्मगाव. साताऱ्याबद्दल त्यांनी बारीकसारीक विचारलं, डोंगर किती उंच, समुद्र किती लांब. तिसरा प्रश्न, वेळ. “घड्याळात किती, आणि खरे किती?” काकांनी दोन्ही सांगितल्या. त्यांनी दोन्ही लिहिल्या, काकांना वाचून दाखवल्या, काकांची सही घेतली. या सगळ्याला तास लागला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“बाकीचे पुढच्या महिन्यात.”

“पस्तीसच तर राहिलेत,” मी म्हटलं. माझी जीभ काही गप्प बसत नाही. “अर्ध्या तासात होतील. तुम्ही विचारा, मी भराभर लिहून घेते.”

हासेगावा-साननी माझ्याकडे बघितलं. “सेन्सेई, घाईत घेतलेल्या जबाबाचं काय होतं, ते आपण आत्ताच बघितलं.”

महिन्याला तीन धरले तर पस्तीस प्रश्नांना एक वर्ष. तोवर ते सत्त्याऐंशीचे होतील, काका पंच्याऐंशीचे. हे गणित करायला मला लॅपटॉप लागला नाही. आणि माझ्या लक्षात आलं की या माणसाला मी साठ वर्षं फुकट घालवलेला म्हातारा समजत होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी चहा तळापर्यंत प्यायला. उठले, दाराशी भिंतीला धरून बूट घातले. काका मागे उभे होते, हात कुठे ठेवावे हे न कळल्यासारखे. हासेगावा-सान जायला वळले आणि थांबले.

“मोरू-सान.”

“हाय,” काका म्हणाले.

“चहा फार गोड असतो. एकोणीसशे पासष्टपासून.”

काका बघतच राहिले. “मग सांगितलं का नाहीत?”

हासेगावा-सान वाकले, वळले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागले. खालचं दार वाजेपर्यंत काका तिथेच उभे होते. मग आत आले, पेला विसळायला घेतला आणि नळ सोडून बाहीने डोळे पुसले.

“जयंती, कमी म्हणजे किती गं? मी चार चमचे घालतो.”

“एका पेल्यात चार? काका, तो माणूस साठ वर्षं जगला कसा? एक घाला.”

“एकाने चव तरी येईल का?”

“दीड घाला मग. आणि पुढच्या महिन्यात ते येतील त्या रविवारी मी येणार नाहीये.”

“नको येऊस,” काका म्हणाले.